एकाच नावाचे दोन कलाकार आणि भरकटलेल्या शिफारशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आवडत्या गायिकेच्या पानावर भलत्याच कुणाचं तरी गाणं दिसतं. किंवा 'खास तुमच्यासाठी' म्हणून आलेल्या यादीत कधी न ऐकलेला, न मागितलेला कलाकार येऊन बसतो. अशा वेळी गाणी ऐकवणाऱ्या अ‍ॅपला आपली आवड कळलेली नाही, असं बहुतेकांना वाटतं. बऱ्याचदा आवड बरोबर कळलेली असते, पण माणूस ओळखण्यात चूक झालेली असते. ही चूक कुठे होते, ती कुणाला भोवते आणि ती निस्तरायला श्रोत्याच्या आणि कलाकाराच्या हातात काय आहे, याबद्दल सतत येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

कलाकाराची ओळख चुकते म्हणजे नेमकं काय होतं?

सर्वात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे दोन वेगळी माणसं एकाच पानावर येणं. जॉन विल्यम्स नावाचे एक चित्रपटसंगीतकार आहेत, जन्म १९३२. त्याच नावाचे एक शास्त्रीय गिटारवादक आहेत, जन्म १९४१. दोघंही आपापल्या क्षेत्रात फार मोठे. नुसत्या नावावर विसंबणारी कुठलीही यंत्रणा या दोघांना एक समजणार, आणि एकाच्या श्रोत्यांना दुसऱ्याचे अल्बम सुचवत राहणार.

उलटा प्रकारही तितकाच होतो: माणूस एक आणि पानं दोन-तीन. हेमंत कुमार हे नाव हिंदी गाण्यांवर असतं, बंगाली गाण्यांवर हेमंत मुखोपाध्याय. आवाज तोच, गळा तोच. पण ही दोन नावं एका माणसाची आहेत हे यंत्रणेत कुणी नोंदवलं नसेल, तर हिंदी गाण्यांवर जीव टाकणाऱ्या श्रोत्यापर्यंत त्यांची बंगाली गाणी पोहोचणारच नाहीत. या दुसऱ्या प्रकाराची तक्रार फार कमी होते. चुकीचं गाणं लागलं की ते कानाला खटकतं, पण जे गाणं समोर आलंच नाही ते खटकणार कसं? म्हणून मला हा प्रकार जास्त नुकसानीचा वाटतो.

तिसरा प्रकार भूमिकांचा. गायक, संगीतकार, गीतकार, रीमिक्स करणारा, पाहुणा कलाकार यांची नावं ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने भरलेली असतात. एका अल्बमवर मुख्य कलाकार म्हणून संगीतकाराचं नाव असतं, तर त्याच संगीतकाराच्या दुसऱ्या अल्बमवर गायिकेचं. मग गायिकेचं एखादं गाणं आवडलं म्हणून 'असंच आणखी' मागावं, तर त्या संगीतकाराने दुसऱ्या आवाजांकडून गाऊन घेतलेली गाणी ओळीने येतात.

एवढ्या मोठ्या कंपन्यांना दोन माणसं वेगळी आहेत हे कळत कसं नाही?

गाणं कलाकाराकडून थेट अ‍ॅपवर जात नाही. मधे लेबल, म्हणजे संगीत कंपनी, असतं किंवा गाणी अ‍ॅप्सपर्यंत पोहोचवणारा डिस्ट्रिब्युटर. तिथे कुणीतरी एक फॉर्म भरतं: गाण्याचं नाव, कलाकाराचं नाव, कोणाची काय भूमिका, भाषा, रिलीजची तारीख. ही माहिती डीडीईएक्स नावाच्या ठरलेल्या साच्यातून प्रत्येक सेवेकडे, म्हणजे स्पॉटिफायसारख्या अ‍ॅपकडे, जाते. त्यात कलाकाराचं नाव म्हणजे मुळात अक्षरांची एक ओळ असते. 'हा कलाकार म्हणजे अमुक पानावरचा' असं सांगणारा आयडी सोबत जोडता येतो, पण तो जोडलेला नसेल तर सेवेची यंत्रणा नाव जुळवून पाहते. त्या नावाचं पान आधीपासून असेल, तर नवं गाणं तिथेच जाऊन चिकटण्याची दाट शक्यता असते.

आता रोज येणाऱ्या नव्या गाण्यांची संख्या डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक गाणं उघडून, ऐकून, 'हा तोच का?' असं विचारणारा माणूस या साखळीत कुठेही बसलेला नसतो. पहिल्यांदाच गाणं टाकणारा हौशी कलाकार आयडीचा रकाना पाहतो, तो कशासाठी आहे हे त्याला समजत नाही आणि तो पुढे जातो. चूक तिथेच होते. पुढचं सगळं त्या चुकीवर रचलं जातं.

पण लोक काय ऐकतात त्यावरून तरी दोघं वेगळे आहेत हे लक्षात यायला हवं ना?

पुष्कळदा येतं. दोन कलाकारांचे श्रोते अगदीच वेगळे असतील, तर एका पानाचे चाहते दोन तुकड्यांत विभागलेले दिसतात आणि काहीतरी चुकलंय हे ताडता येतं. पण हा आधार वाटतो तितका भक्कम नाही.

बिल इव्हान्स हे उदाहरण पाहा. एक बिल इव्हान्स पियानोवादक (१९२९–१९८०). दुसरे बिल इव्हान्स सॅक्सोफोनवादक, जन्म १९५८. दोघंही जॅझमधले. एवढंच असतं तरी ठीक होतं, पण दोघांनीही जॅझमधले दिग्गज ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्यासोबत वाजवलं आहे. पियानोवादक बिल इव्हान्स डेव्हिस यांच्या १९५९च्या सर्वात गाजलेल्या अल्बमवर आहेत, आणि सॅक्सोफोनवादक १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या बँडमध्ये होते. म्हणजे नाव एक, संगीतप्रकार एक, सोबतचा दिग्गजही एक. दोघांचे श्रोते एकमेकांत मिसळलेले असणारच. 'हे दोन कलाकार एकत्र ऐकले जातात' या निकषावर चालणारी यंत्रणा इथे स्वतःच्या चुकीलाच पुरावा समजेल. पियानो आणि सॅक्सोफोन यांतला फरक कुठल्याही श्रोत्याला पहिल्या काही सेकंदांत कळतो, पण त्या आकडेवारीत तो फरक कुठेच नसतो.

एकच चुकीचं गाणं पानावर आलं, तर शिफारशी इतक्या का बिघडतात?

कारण शिफारस करणारी यंत्रणा कलाकाराला पाया धरून चालते. एक प्रसंग कल्पून पाहू. एक बासरीवादक आहे, शांत, संथ वाजवणारा, ठरावीक पण निष्ठावान श्रोते असलेला. त्याच नावाचा एक तरुण रॅपर आपलं पहिलं गाणं टाकतो आणि ते बासरीवादकाच्या पानावर जाऊन पडतं.

२०१५पासून जगभर नवं संगीत शुक्रवारी प्रकाशित करायची पद्धत आहे. स्पॉटिफायवरची 'रिलीज रडार' ही यादीही शुक्रवारीच नवी होते आणि तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांची नवी गाणी त्यात येतात. झालं, बासरीवादकाला फॉलो करणाऱ्या सगळ्यांच्या यादीत ते रॅप गाणं येतं. रात्री झोपताना बासरी ऐकणारा माणूस ते पाच-दहा सेकंद ऐकतो आणि पुढे ढकलतो. असं अनेक जण करतात.

यंत्रणेला यातून काय कळतं? नवं गाणं आलं, कलाकाराच्या हक्काच्या श्रोत्यांना दाखवलं आणि त्यांनी ते नाकारलं. म्हणजे गाणं वाईट. रॅपरच्या गाण्याला खऱ्या रॅप श्रोत्यांसमोर जायची संधी मिळायच्या आधीच त्याच्यावर शिक्का बसतो. नव्या गाण्यामागे ऐकणाऱ्यांचा इतिहास नसतो, त्यामुळे सुरुवातीच्या दिवसांत ते कुणाला दाखवायचं हे बरंचसं कलाकाराच्या ओळखीवरून ठरतं. ओळखच चुकीची असेल तर ते दिवस वाया जातात, आणि नव्या गाण्यासाठी तेच दिवस सर्वात मोलाचे असतात.

ज्यांना ते रॅप गाणं आवडतं, तेही नकळत गोंधळ वाढवतात. ते गाणं लाइक करतात, कलाकाराला फॉलो करतात, आणि त्यांच्या बाकीच्या आवडीनिवडी बासरीवादकाशी जोडल्या जातात. अशा यंत्रणा प्रत्येक कलाकाराला आकड्यांच्या एका नकाशावर जागा देतात. सारखे श्रोते असलेले कलाकार त्या नकाशावर जवळजवळ येतात. दोन माणसांचं एकच पान झालं की त्या पानाची जागा दोघांच्या मधे कुठेतरी सरकते, जिथे दोघांपैकी कुणीच नसतं. मग 'या कलाकाराच्या चाहत्यांना हेही आवडतं' या यादीत ना धड बासरी, ना धड रॅप. तिसरेच कुणीतरी तिथे येतात, आणि त्या तिसऱ्यांच्या पानांवर हा बासरीवादक दिसू लागतो. एका रकान्यातली चूक अशी शेजारच्या पानांवरही पसरते.

नावं हुबेहूब सारखी नसतानाही घोळ का होतो?

कारण एकच नाव अनेक प्रकारे लिहिलं जातं. देवनागरीतलं नाव रोमन अक्षरांत लिहिताना प्रत्येक जण आपल्या कानाला पटेल तसं स्पेलिंग करतो. उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) आणि अभिनेते आमिर खान यांची नावं देवनागरीत वेगळी दिसतात, पण रोमन लिपीत एखाद्याच अक्षराचा फरक उरतो. अभिनेत्यानेही चित्रपटात गाणं गायलेलं आहे, तेव्हा गायक म्हणून दोघांच्याही नोंदी असणारच. त्यातून पंडित, उस्ताद, डॉक्टर अशा उपाधी कधी पूर्ण, कधी आद्याक्षरांत, तर कधी लावलेल्याच नसतात. प्रत्येक रूपाचं स्वतंत्र पान होऊ शकतं.

जोडनावांची वेगळी कथा. शंकर-जयकिशन किंवा अजय-अतुल ही एका जोडीची नावं आहेत, पण मधली आडवी रेघ पाहून एखादी यंत्रणा ती तोडते आणि 'शंकर' नावाच्या पानाला भलतीच गाणी जोडली जातात. 'अर्थ, विंड अँड फायर' या अमेरिकी बँडच्या नावात स्वल्पविराम आहे. 'टायलर, द क्रिएटर' या रॅपरच्याही नावात आहे. स्वल्पविराम म्हणजे दोन कलाकारांमधली सीमा, असं गृहीत धरणाऱ्या सॉफ्टवेअरला अशी नावं नेहमीच अवघड जातात.

एकच शब्द असलेली नावं तर सर्वात नाजूक. हिंदी चित्रपटसृष्टीतले संगीतकार रवि (१९२६–२०१२) यांचं पूर्ण नाव रवि शंकर शर्मा. सतारवादक पंडित रवि शंकर (१९२०–२०१२) हे वेगळे. फॉर्म भरणाऱ्याने मदत म्हणून संगीतकारांचं नाव जरा विस्ताराने लिहिलं आणि आडनाव गाळलं, की एका महान कलाकाराच्या खात्यावर दुसऱ्याच्या चाली जमा झाल्याच.

आणि मग बदललेली किंवा घेतलेली नावं. माणिक वर्मा यांनी लग्नाआधी माणिक दादरकर या नावाने गायलं. लता मंगेशकर यांनी १९६०च्या दशकात काही मराठी चित्रपटांना 'आनंदघन' या नावाने संगीत दिलं. आनंदघन म्हणजे लताबाई हे मराठी रसिकांना ठाऊक आहे. नाव जुळवणाऱ्या यंत्रणेला मात्र या दोन नावांत एकही अक्षर सारखं सापडणार नाही. ते कुणीतरी तिला सांगावंच लागतं.

मग प्रत्येक कलाकाराला एक कायमचा नंबर का देत नाहीत?

असे नंबर आहेत. आयएसएनआय हा सोळा अंकी आंतरराष्ट्रीय क्रमांक नेमका याचसाठी आहे: लेखक, गायक, वादक, संशोधक अशा सर्जनशील कामात नाव येणाऱ्या कुणालाही तो मिळू शकतो. संगीतकार आणि गीतकारांसाठी हक्कसंस्थांमार्फत मिळणारा आयपीआय क्रमांक असतो. अडचण अशी की गाणं टाकताना हे क्रमांक देणं सगळीकडे सक्तीचं नाही, आणि जुन्या रेकॉर्डिंग्जच्या नोंदी तर हे क्रमांक येण्याच्या कितीतरी आधीच्या आहेत.

बऱ्याच जणांचा गैरसमज असतो की आयएसआरसी कोड असला की भागलं. आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा कोड रेकॉर्डिंगचा असतो, माणसाचा नाही. त्यात नोंदणी कुठली, कोणत्या वर्षी कोड दिला आणि कितवं रेकॉर्डिंग, एवढंच असतं. गायलं कुणी हे त्यात नसतं. अल्बमचा बारकोडही अल्बमपुरताच.

माझं स्पष्ट मत आहे की नवं गाणं स्वीकारताना 'हा कलाकार आधीच्या पानावरचा आहे की नवा?' या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय पुढे जाताच येऊ नये. काही डिस्ट्रिब्युटर हे विचारतात. सगळ्यांनी विचारायला हवं.

गाणं ऐकून आवाज ओळखणारं तंत्रज्ञान आहे ना? ते इथे का चालत नाही?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाजणारं गाणं ऐकून त्याचं नाव सांगणारी अ‍ॅप्स रेकॉर्डिंगचा ठसा आपल्याकडच्या साठ्याशी जुळवतात. तो ठसा बरोबर सापडला तरी त्याला जोडलेलं नाव चुकीचं असेल, तर अ‍ॅप चुकीचंच नाव सांगणार.

दुसरी गोष्ट म्हणजे आवाजाचा पोत, लय, वाद्यं यांचं विश्लेषण. याने बासरी आणि रॅप नक्की वेगळे काढता येतात. पण यावरून माणूस ठरवणं धोक्याचं आहे. एकच गायिका चाळीस वर्षांत वेगळी ऐकू येते. संगीतकाराच्या पानावर तर दर गाण्याला आवाज निराळा असतो. प्रयोगशील कलाकार एका अल्बममधून दुसऱ्यात पार बदलून जातो, आणि त्याचं खरं गाणं 'तुझं नाही' म्हणून अडवणं हाही अन्यायच. तेव्हा या तंत्राचा उपयोग शंका घेण्यापुरता करावा: नवं गाणं पानावरच्या बाकीच्यांपेक्षा फारच वेगळं वाटलं, तर ते प्रकाशित होण्याआधी एखाद्या माणसाने पाहावं.

पानावरचं गाणं खरंच त्या कलाकाराचं आहे का, हे श्रोत्याने कसं ओळखावं?

कान हा पहिला निकष. त्यानंतर गाण्याच्या मेनूत 'क्रेडिट्स' उघडा. तिथे गीतकार, संगीतकार, निर्माता यांची नावं असतात. मुख्य नाव तेच, पण खाली सगळी मंडळी अनोळखी, हे पहिलं लक्षण. मग अल्बमच्या तळाशी लेबलची ओळ पाहा. वर्षानुवर्षं एका लेबलकडे असलेल्या कलाकाराचं एकच सुटं गाणं कुठल्याशा स्वतंत्र डिस्ट्रिब्युटरकडून आलं असेल, तर शंका घ्यायला जागा आहे.

वर्षावर मात्र फार भिस्त ठेवू नका. जुन्या रेकॉर्डिंगवर बऱ्याचदा डिजिटल आवृत्तीचं वर्ष छापलेलं असतं. १९५५ सालचं गाणं २००९चं म्हणून दिसलं, तर ते त्याच कलाकाराचं असू शकतं.

खात्री करायची असेल तर म्युझिकब्रेन्झ हा खुला संगीतकोश पाहावा. तिथे सारख्या नावाच्या कलाकारांसमोर छोटीशी ओळख लिहिलेली असते, उदाहरणार्थ 'सॅक्सोफोनवादक'. डिस्कॉग्जवर सारख्या नावांपुढे कंसात क्रमांक असतो. दोन्ही ठिकाणी हे काम मुख्यतः स्वयंसेवकांनी केलं आहे, आणि ते अनेकदा पैसे घेऊन चालणाऱ्या सेवांपेक्षा नीट असतं.

माझ्या शिफारशी आधीच बिघडल्या आहेत. आता काय करू?

चुकीचं गाणं पूर्ण वाजू देऊ नका, आणि कुतूहल म्हणून पुन्हा लावूनही पाहू नका. अ‍ॅपवर 'आवडलं नाही' किंवा 'अशा शिफारशी कमी करा' असा पर्याय असेल तर तो त्या गाण्यावर वापरा. कलाकारावर वापरताना मात्र जपून. स्पॉटिफायवर कलाकाराचं गाणं कधीच लावू नका असं सांगता येतं, पण दोघांचं पान एकच असेल तर तुमचा आवडता कलाकारही त्यासोबत बंद होईल. घाईघाईने हे बटण दाबणारे पुष्कळ जण असतात, म्हणून सांगतो.

यूट्यूब म्युझिकवर इतिहासात जाऊन ती एक नोंद पुसता येते. अ‍ॅपल म्युझिकवर ऐकण्याचा इतिहास वापरायचा की नाही हे सेटिंगमधून ठरवता येतं. स्पॉटिफायवर एखादी प्लेलिस्ट आवडीच्या हिशेबातून वगळता येते, आणि खासगी सत्रही सुरू करता येतं. एवढं करून काही दिवस आपल्या खऱ्या आवडीची गाणी, शक्यतो पूर्ण अल्बम, ऐकत राहा. नव्या ऐकण्याचं वजन वाढलं की यादी हळूहळू सावरते.

बोलून गाणं मागितलं की हमखास दुसराच कलाकार लागतो. हेही त्यातलंच का?

मूळ तेच. उच्चार जुळणाऱ्या नावांमधून यंत्रणा सहसा जास्त ऐकला जाणारा कलाकार निवडते, आणि त्याने तो आणखी ऐकला जातो. नावासोबत गाण्याचे किंवा अल्बमचे शब्द सांगा, फरक पडतो.

श्रोत्याच्या तक्रारीचा काही उपयोग होतो का?

होतो, पण तक्रार नेमकी असेल तरच. 'हे गाणं चुकीचं आहे' एवढ्यावर कुणालाही काही करता येत नाही. गाण्याची लिंक, ते सध्या ज्या पानावर आहे त्याची लिंक, आणि ते ज्या पानावर असायला हवं त्याची लिंक, असं द्या. खऱ्या कलाकाराचं पान नसेल तर तसं लिहा. शिवाय जमलं तर त्या कलाकाराला थेट कळवा. दुरुस्ती मागण्याचा अधिकार त्याच्याकडे किंवा त्याच्या लेबलकडे असतो, आणि लहान कलाकारांना आपलं गाणं दुसऱ्याच्या पानावर पडलंय हे बरेच दिवस माहीतही नसतं. खुल्या कोशातली नोंद तुम्ही स्वतः दुरुस्त करू शकता, मात्र ती अ‍ॅपवर आपोआप उतरेल अशी अपेक्षा ठेवू नका.

मी कलाकार आहे. माझ्या पानावर दुसऱ्याचं गाणं आलंय, किंवा माझं दुसरीकडे गेलंय. काय करू?

आधी आपलं पान आपल्या ताब्यात घ्या. स्पॉटिफाय आणि अ‍ॅपल म्युझिक दोन्हीकडे कलाकारांसाठी वेगळी सोय आहे, तिथे ओळख पटवून पान मिळवता येतं आणि 'हे माझं नाही' असं कळवता येतं. सोबतच डिस्ट्रिब्युटरला लिहा, कारण पुष्कळ दुरुस्त्या त्यांच्याकडूनच पुढे जातात. पत्रात गाण्याचा आयएसआरसी, चुकीच्या आणि योग्य पानाच्या लिंका द्या. यूट्यूब म्युझिकवर आपोआप तयार झालेलं 'टॉपिक' चॅनेल आणि तुमचं स्वतःचं चॅनेल वेगवेगळी असू शकतात, तेही तपासा.

एक कळकळीची विनंती: वैतागून गाणं काढून पुन्हा नव्याने टाकू नका. नवा आयएसआरसी मिळाला की यंत्रणेच्या लेखी ते नवं रेकॉर्डिंग ठरतं, आणि जुने ऐकण्याचे आकडे, लोकांनी प्लेलिस्टमध्ये घातलेलं गाणं, सगळं हातचं जाऊ शकतं. पान बदलून घेणं हाच खरा उपाय. पुन्हा टाकण्यावाचून इलाज नसेलच, तर जुनाच आयएसआरसी, तेच नाव आणि तोच ऑडिओ वापरा.

पुढच्या वेळी गाणं टाकताना आपल्या पानाचा आयडी आठवणीने जोडा, आणि प्रकाशनाच्या तारखेआधी काही आठवडे हातात ठेवून टाका. स्पॉटिफायने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या बदलांनुसार चुकीच्या पानाची तक्रार गाणं प्रकाशित होण्याआधीही करता येते. शुक्रवार उलटून गेल्यावर केलेल्या दुरुस्तीपेक्षा ती कितीतरी पटीने उपयोगी.

चुकीच्या पानावर वाजलेल्या गाण्याचे पैसे कुणाला जातात?

साधारणपणे ज्याने गाणं टाकलं त्यालाच. हिशेब रेकॉर्डिंगच्या आणि डिस्ट्रिब्युटरच्या पातळीवर होतो, पानावरून नाही. म्हणून पानाचा मालक श्रीमंत होतो असं नाही. नुकसान वेगळ्या वाटेने होतं: गाणं योग्य श्रोत्यांपर्यंत पोहोचत नाही, म्हणून वाजतच नाही. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखाद्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकलं गेल्याशिवाय रेकॉर्डिंगचं मानधन मिळत नाही. उंबरठ्याच्या अलीकडे असलेल्या कलाकारासाठी सुरुवातीच्या शिफारशी चुकणं म्हणजे सरळ हातातोंडाशी आलेला घास जाणं.

एकाच नावाचे दोन कलाकार कायद्याला चालतात का?

अनेकदा दोघंही आपापल्या जागी खरे असतात. जन्मनाव कुणी कुणाकडून काढून घेऊ शकत नाही. बँडच्या नावांवरून मात्र वाद होतात. १९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये निर्वाणा नावाचा बँड होता, आणि १९८७ साली अमेरिकेत त्याच नावाचा दुसरा बँड सुरू झाला. दावा दाखल झाला आणि तो तडजोडीने मिटला. कायद्याने वाद मिटला तरी शोधाच्या चौकटीत नाव एकच राहतं.

नवं नाव घेणार असाल तर आधी सगळ्या मोठ्या सेवांवर ते शोधून पाहा. त्यातलं एखादं अक्षर बदलणं किंवा चिन्ह घालणं पुरत नाही, कारण नाव जुळवताना यंत्रणा अशा बारीक फरकांकडे काणाडोळा करू शकते. पूर्ण नाव वापरणं सर्वात सुरक्षित.

कुणी मुद्दाम दुसऱ्याच्या पानावर गाणी टाकतं का?

हो, आणि एआयने गाणी बनवणं सोपं झाल्यापासून हे वाढलं आहे. नाव जुळलं की पान मिळतं, ही ढिलाई फसवणाऱ्यांना चांगली ठाऊक आहे. ब्लेझ फोली हे अमेरिकी गायक-गीतकार १९८९ मध्ये वारले. २०२५ मध्ये त्यांच्या स्पॉटिफाय पानावर एआयने बनवल्यासारखं दिसणारं एक 'नवं' गाणं प्रकाशित झालं. बोंब झाल्यावर ते काढण्यात आलं. वारलेले किंवा बऱ्याच वर्षांत काही न काढलेले कलाकार निवडण्यामागे हिशेब असतो: श्रोते आहेत, पण पानावर लक्ष ठेवणारं कुणी नाही. नावाची चूक अनवधानाने झालेली असो की मुद्दाम केलेली, श्रोत्याने करायची तक्रार तीच. फक्त इथे 'तोतयेगिरी' असा प्रकार असेल तर तो निवडा.

हयात नसलेल्या कलाकारांची पानं कोण सांभाळतं?

कागदोपत्री लेबल, किंवा हक्क कुटुंबाकडे असतील तर वारस. ज्यांच्या ध्वनिमुद्रिका आता बंद पडलेल्या कंपन्यांनी काढल्या, त्यांच्या बाबतीत वस्तुतः कुणीच नाही. अशा पानांवर सारख्या नावाच्या आजच्या कलाकारांची गाणी साचत जातात आणि मूळ कलाकाराची मोजकी रेकॉर्डिंग्ज खाली ढकलली जातात. 'लोकप्रिय' म्हणून वर दिसणारी पाचही गाणी दुसऱ्याचीच असू शकतात. या कलाकारांबद्दल मला सर्वात जास्त वाईट वाटतं, कारण त्यांच्यासाठी बोलणारं कुणी उरलेलं नसतं.

वारसांना कलाकाराच्या वतीने पान ताब्यात घेण्यासाठी अर्ज करता येतो. नातं किंवा हक्क दाखवणारी कागदपत्रं लागतात. तुमच्या घरात कुणी रेकॉर्डिंग केलेलं असेल तर हे काम पुढच्या पिढीवर ढकलू नका. नातं नसलेल्या रसिकालाही बरंच करता येतं. जुन्या रेकॉर्डच्या लेबलवर गायकाचं पूर्ण नाव, साथीदार, कंपनीचा कॅटलॉग क्रमांक आणि कधी कधी रागाचं नाव छापलेलं असतं. त्याचा स्वच्छ फोटो काढा, खुल्या कोशात ती नोंद करा आणि सेवेकडे तक्रार करताना फोटो सोबत जोडा. कॅटलॉग क्रमांक लिहायला विसरू नका. त्या क्रमांकावरूनच हक्क आज कोणत्या लेबलकडे आहेत याचा माग काढता येतो.